बिडी सुटली, पण पोट सुटले!



गेल्या काही आठवड्यांत आमच्याकडे दोन पत्रे आली. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली आहेत. एक लाखांदूर तालुक्यातील एका भगिनीचे, दुसरे भंडारा शहरातील एका नोकरदार बंधूंचे. दोघांची ओळख नाही, परिस्थितीही वेगळी, पण दुखणे एकच. म्हणून या वेळचे हे पान त्या दोन पत्रांसाठीच ठेवले आहे.

भगिनी लिहितात, "सप्रेम जयभीम. आमच्या घरच्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून आल्यावर बिडी सोडली. बावीस वर्षांची सवय होती. आता चार महिने झाले. खोकला गेला, रात्री झोप लागते. पण वजन 51 किलोचे 57 झाले. पँटीचे हूक लागत नाहीत. पारावरचे लोक यांना 'ठेकेदार' म्हणून हाक मारतात. आता हे म्हणतात, जेवण झाल्यावर एकच बिडी पेतो, म्हणजे पोट उतरेल. मी घरी बिड्या वळते. काल कट्टे बांधताना एक बिडी कमी भरली. मी मोजून ठेवल्या होत्या. यांना काही बोलले नाही. काय करू ते कळवा. यांची उंची साडेपाच फुटांच्या थोडी आत आहे."

नोकरदार बंधूंनी आठ महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली. त्यांचे वजन 70 वरून 78 किलोवर गेले. वडिलांना मधुमेह होता. ते विचारतात, "एक रोग टाळायला गेलो आणि दुसरा ओढवून घेतला, असे तर नाही ना? घरचे म्हणतात, यापेक्षा आधीच बरे होते."

ही पत्रे वाचताना आम्हाला आमचेच दिवस आठवले. आम्हीही पंधरा वर्षे बिडी प्यालो आहोत. 2004 साली पहिल्यांदा सोडली. तीन महिन्यांत शर्टाच्या गुंड्या ताणू लागल्या. ओळखीच्या शिंप्याने माप घेताना सगळ्यांसमोर हसून दोन शब्द काढले. ते मनाला इतके लागले, की त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा बिडी पेटवली. वजन काही उतरले नाही. बिडी मात्र आणखी पाच वर्षे राहिली. 2009 साली ती कायमची सुटली. त्यामुळे आज जे लिहितो आहोत ते केवळ पुस्तकातून काढलेले नाही.

आधी खरे काय ते मान्य करू

बिडी-सिगारेट सोडल्यावर बहुतेकांचे वजन वाढते. "मनाचे खेळ आहेत" असे सांगून ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. झाकल्यामुळेच माणूस पुढे घाबरतो आणि फसवले गेल्यासारखे वाटून परत बिडीकडे वळतो.

निरनिराळ्या देशांत झालेल्या 62 अभ्यासांची एकत्र मांडणी 2012 साली प्रसिद्ध झाली. हे अभ्यास मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांचे होते. कोणत्याही औषधाशिवाय सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या महिन्यात सरासरी एक किलोहून थोडे अधिक, तिसऱ्या महिन्यापर्यंत पावणेतीन किलोंच्या आसपास आणि वर्षअखेर साडेचार ते पावणेपाच किलो वाढले होते. म्हणजे वाढीचा मोठा वाटा सुरुवातीच्या तीन महिन्यांत पडतो आणि पुढे वेग मंदावत जातो. ही झाली सरासरी. त्याच अभ्यासात शंभरातील सोळा जणांचे वजन वर्षभरात उलट कमी झाले होते आणि तेरा जणांचे दहा किलोंपेक्षा अधिक वाढले होते. तेव्हा "बिडी सोडली की माणूस फुगतोच" हा पारावरचा नियम सगळ्यांना लागू नाही.

वजन वाढते ते का?

तंबाखूतले निकोटिन शरीराला खोट्या घाईत ठेवते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि माणूस बसल्या जागी अधिक ऊर्जा जाळतो. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवसभर सिगारेटी ओढणाऱ्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्च सुमारे एक दशांशाने वाढलेला आढळला. सुमारे 200 कॅलरी धरा. आपल्या भाषेत सांगायचे तर सव्वा ते दीड वाटी शिजलेला भात. बिडी सुटली की हा खर्च थांबतो. ताट मात्र पूर्वीइतकेच वाढले जाते.

दुसरे असे की निकोटिन मेंदूतील भुकेच्या केंद्रावर काम करते आणि भूक मारते. "सकाळपासून दोन चहा अन् चार बिड्यांवर आहे" असे म्हणणारे मजूर आपण पाहिले आहेत. त्या माणसाची भूक भागलेली नसते, दाबलेली असते. बिडी सुटताच ती खरी भूक बाहेर येते. तिसरे कारण म्हणजे जिभेची आणि नाकाची चव परत येते. आम्हाला बिडी सोडल्यानंतर पंधरा दिवसांनी जवसाच्या चटणीचा खमंग वास ओसरीवर आला, तेव्हा आश्चर्य वाटले होते. ती चटणी घरात वर्षानुवर्षे होतच होती.

चौथे कारण फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे बिडी म्हणजे जेवणाचा शेवट असतो. ताट सारले, हात धुतला, बिडी पेटवली, म्हणजे जेवण संपले. बिडी गेली की जेवणाला शेवटच उरत नाही. हात रिकामे, तोंड रिकामे. मग माणूस आणखी एक पळी भात मागतो, वर गूळ शोधतो, थोड्या वेळाने चहा ठेवायला सांगतो. लाखांदूरच्या बंधूंना जेवणानंतरचीच बिडी हवीशी वाटते, त्याचे कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट. सकाळची बिडी घेतल्याशिवाय ज्यांचे पोट साफ होत नसे, त्यांना सोडल्यानंतर काही आठवडे बद्धकोष्ठ होते. पोट गच्च वाटते आणि ते चरबीच आहे असा समज होतो. भरपूर पाणी, अंबाडी किंवा चवळीची भाजी, पेरू आणि सकाळचे चालणे यांनी ही तक्रार सहसा जाते.

ताई, तुमच्या घरच्यांचे वजन बिघडलेले नाही

आता पहिल्या पत्राकडे वळू. एक साधा हिशेब आहे. वजन किलोत घ्यावे आणि मीटरमधील उंचीच्या वर्गाने त्याला भागावे. आपल्या देशातील लोकांसाठी हा आकडा साडेअठरा ते तेवीसच्या आत असला तर वजन ठीक मानतात. साडेअठराच्या खाली गेला तर माणूस अशक्त, पंचवीस ओलांडला तर लठ्ठपणा.

तुमच्या घरच्यांची उंची 165 सेंटिमीटर धरू. या उंचीला साडेपन्नास ते साडेबासष्ट किलो वजन योग्य ठरते. बिडी पीत असताना ते 51 किलोंचे होते, म्हणजे अशक्तपणाच्या उंबरठ्यावर उभे होते. आज 57 किलोंवर ते बरोबर मध्यावर आले आहेत. ज्याला पारावरचे लोक पोट म्हणतात, ते बावीस वर्षे न लागलेले अन्न अंगी लागण्याचे लक्षण आहे. पँटीचा हूक लागत नाही हा पँटीचा दोष आहे. शिंप्याकडून शिवण उसवून घ्या. तेवढा खर्च बिडीच्या वाचलेल्या पैशात महिन्याभरात निघेल.

आपल्या लोकांच्या मनात बारीक अंगाविषयी एक गैरसमज बसला आहे. काटक माणूस म्हणजे निरोगी माणूस असे आपण धरतो. पण आपल्या वाडवडिलांचे काटकपण कष्टाचे होते तसेच अर्धपोटी राहण्याचेही होते. आणि बिडीने आलेला बारीकपणा तर मुळीच निरोगी नसतो. धूम्रपान करणारा वरून बारीक दिसला तरी चरबी पोटाच्या घेरात साठण्याकडे त्याच्या शरीराचा कल असतो. शिवाय बिडी पिणाऱ्याचे वजन आपोआप घटत असेल तर त्यामागे क्षय, मधुमेह किंवा याहून मोठे दुखणेही असू शकते. "बिडीने अंग हलके राहते" या भ्रमात किती तरी घरांनी आपली माणसे उशिरा दवाखान्यात नेली.

आम्ही 2009 साली बिडी सोडून चार महिन्यांनी गावी गेलो, तेव्हा आमच्या आईने आम्हाला दारातच उभे करून नीट न्याहाळले आणि म्हणाली, "आता कुठं माणसावानी दिसून रायला तू, बाबू." शिंप्याचे शब्द पाच वर्षे मनात राहिले होते. आईच्या एका वाक्याने ते पुसले गेले. ताई, तुमच्या घरच्यांनाही घरातून असे एक वाक्य ऐकायला मिळू द्या. पारावरची चेष्टा आपोआप बोथट होईल.

"एकच बिडी" विषयी

जेवणानंतरची एकच बिडी पोट उतरवील, हे होणार नाही. भूक मारण्याइतके निकोटिन एका बिडीने दिवसभर टिकत नाही. पण बावीस वर्षांची सवय जागी करायला ती एकच पुरेशी असते. बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी, म्हणून ती सौम्य, असेही पुष्कळांना वाटते. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड छातीत सिगारेटपेक्षा कमी जात नाहीत, उलट अधिकच जातात.

तुम्ही मोजून ठेवलेल्या बिड्यांतून एक गेली, आणि तुम्ही बोलला नाहीत, हे चांगले केले. चोरी पकडल्यासारखे बोललात तर उद्या ते बाहेरून घेतील. एखादी बिडी ओढली म्हणजे चार महिन्यांची कमाई वाया गेली असे मुळीच नाही. त्यांना शांतपणे एवढेच सांगा, "एक झाली, ती गेली. उद्यापासून पुन्हा नाही." मात्र घरात दिवसभर तंबाखूचा वास आणि सुपात तयार बिड्या असताना सोडणाऱ्याची परीक्षा मोठी असते, हेही ध्यानात घ्या. जर्द्याचा डबा घट्ट झाकणाचा ठेवा. वळण्याचे काम शक्यतो ओसरीवर करा, निजायच्या खोलीत नको. वळून झालेला माल संध्याकाळीच पोचता करता आला तर पाहा. तंबाखूची भुकटी तुमच्याही श्वासातून आणि कातडीतून शरीरात जात असते. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच चुलीकडे जा आणि लेकरांना सुपाजवळ बसवू नका.

बिडीने आपल्या भागात अनेकांची चूल पेटवली, हे आम्ही विसरलेलो नाही. पूर्वीइतका नसला तरी हा धंदा आजही बायाबापड्यांच्या हातावर चालतो. 'जयभीम' हे अभिवादन आपल्याला देणारे बाबू हरदास एल. एन. यांनी 1930 च्या दशकात याच बिडी मजुरांची संघटना बांधली, कारण ठेकेदार छाट काढून त्यांची मजुरी बुडवीत. वळणाऱ्याच्या हक्कासाठी लढणे आणि आपल्या घरातला माणूस त्या धुरातून सोडवणे, या दोन गोष्टींत विरोध नाही.

नोकरदार बंधूंसाठी

भंडाऱ्याच्या बंधूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांना "काही होत नाही" म्हणून पाठीवर थाप मारून चालणार नाही. त्यांची उंची त्यांनी 168 सेंटिमीटर कळवली आहे. सत्तर किलोंवरच त्यांचा आकडा पंचवीसला टेकला होता, आता साडेसत्तावीसच्या पुढे गेला आहे. घरात मधुमेह आहे. खुर्चीवरचे काम आहे. त्यांनी कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजावा. पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटरच्या वर घेर गेला की सावध व्हावे.

त्यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले, की सिगारेट सोडल्यावर ज्यांचे वजन खूप वाढते त्यांना पुढील काही वर्षे मधुमेहाचा धोका वाढतो. पाच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि नंतर उतरत जातो. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण त्याच अभ्यासात हेही दिसले, की वजन वाढलेल्यांनाही सिगारेट सोडल्याचा फायदा मिळालाच. हृदयविकाराने मरण्याचा त्यांचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी होता. 2013 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका ओढणाऱ्यांच्या सुमारे निम्मा आढळला, आणि वाढलेले वजन हिशेबात धरूनही हा फायदा कमी झाला नाही.

म्हणून बंधूंनो, आपण एक रोग देऊन दुसरा घेतलेला नाही. आपण मोठा धोका टाकला आहे आणि त्याच्या जागी एक लहान, हाताळता येण्यासारखे काम आले आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या, रक्तदाब पाहा, आणि पुढे ठरावीक काळाने तपासणी करीत राहा. दमा, मधुमेह किंवा मनाच्या आजाराची औषधे चालू असतील तर धूम्रपान सोडल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगा. धुरामुळे काही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. धूर थांबल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागू शकते. चहा-कॉफीतील कॅफिनचेही तसेच आहे. बिडी सुटल्यावर तेवढाच चहा अंगात अधिक वेळ राहतो, जीव घाबरा होतो, झोप उडते, आणि माणूस समजतो की हा बिडी नसल्याचाच त्रास आहे. चहा निम्मा करा. दर कपाला दोन चमचे साखर म्हणजे 35-40 कॅलरी. दिवसाचे सहा कप असतील तर त्यातूनच पोटाचा बराच उलगडा होईल.

मग करायचे काय?

पहिला महिना उपास आणि डाएट यांच्या मागे लागू नका. बिडीची तलफ आणि भुकेची कळ एकाच वेळी सोसायला लावली तर माणूस दोन्हीकडून हरतो. पहिले काही आठवडे एकच काम, बिडीला हात न लावणे. दोन-तीन किलो वाढले तर वाढू द्या. त्यानंतर ताटाकडे वळा.

आपला जिल्हा धानाचा. आपल्या ताटात भाताचा ढीग आणि कडेला थोडी भाजी असते. भात सोडायला आम्ही सांगणार नाही. आम्हालाही ते जमलेले नाही. पण वाढताना क्रम बदलता येतो. आधी वाटीभर घट्ट वरण, भाजी, काकडी किंवा मुळा घ्यावा. तलावातले मासे मिळाले तर रश्शात शिजवलेले, तळलेले नकोत. हे निम्मे खाऊन झाल्यावर भात घ्यावा, आणि तो वाटीने मोजून घ्यावा. वाढणाऱ्या माऊलीने "अजून घ्या ना" हा आग्रह थोडे दिवस बाजूला ठेवावा. बांधीत चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्याला भात पुष्कळ लागतो. तोच माणूस धान मळून झाल्यावर रिकाम्या दिवसांत तेवढाच भात खाईल तर पोट वाढणारच. कामाचे ताट आणि रिकाम्या दिवसांचे ताट वेगळे असावे.

तोंडाला काही तरी हवे असते, त्यासाठी खिशात फुटाणे, बडीशेप, ओवा किंवा लवंग ठेवा. हंगामात उकडलेले शिंगाडे, पेरू, बोरे चालतील. बसस्टँडवरचा आलुबोंडा आणि बिस्किटाचा पुडा टाळा. आणि बिडीच्या जागी खर्रा मुळीच नको. "धूर तर नाही ना" म्हणून आपली कितीतरी तरुण पोरे बिडीवरून खर्ऱ्यावर गेली. त्यात तंबाखू आहे, सुपारी आहे, चुना आहे. तोंड उघडेनासे होते, तोंडाचा कर्करोग होतो. आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे ते आहे.

जेवणाला नवा शेवट द्या. आम्ही हा उपाय केला होता. शेवटचा घास झाला की लगेच उठायचे, दातांना ब्रश लावायचा आणि अंगणातून दहा मिनिटे चालून यायचे. दात घासल्यावर पुन्हा भात खावासा वाटत नाही आणि बिडीही नको वाटते. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात भरभर चालले तर ती लवकर उतरते, हे अभ्यासांतूनही दिसून आले आहे. रोज अर्धा तास पायी चाला. भंडाऱ्यात खांब तलावाकडे, पवनीत वैनगंगेच्या घाटाकडे, खेड्यात आपल्या बोडीच्या पाळीवरून. पैसा लागत नाही.

एक गोष्ट मजूर बंधूंसाठी. बांधावर काम करताना "बिडी पेऊन घेऊ" म्हटले की मालकही दहा मिनिटे बसू देतो. नुसते दमलो म्हणून बसले तर बोल ऐकावे लागतात. म्हणजे बिडी ही आपली विश्रांतीची चिठ्ठी झाली आहे. आणि बायांना तर ती चिठ्ठीही कधी मिळाली नाही. बिडी सोडा, पण ते दहा मिनिटांचे बसणे सोडू नका. पाणी प्या, दोन फुटाणे तोंडात टाका, आणि शेजारी काम करणाऱ्या बाईलाही म्हणा, "या बाई, बसा थोडं." विसावा हा श्रम करणाऱ्याचा हक्क आहे, धुराचा नव्हे.

फारच त्रास होत असेल तर निकोटिनचे च्युइंगगम आणि गोळ्या मिळतात. त्यांनी तलफ आवरते आणि वजन वाढणेही काहीसे लांबते. मात्र त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. बाळंतीण, गरोदर स्त्री आणि हृदयरोगी यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात तंबाखू सोडण्याविषयी सल्ला मिळतो का, याची चौकशी करावी. केंद्र सरकारने 2016 साली सुरू केलेली एक दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक 1800-11-2356, फोनला पैसे पडत नाहीत.

घरच्यांना दोन शब्द

बिडी सोडणारा माणूस पहिले काही आठवडे चिडतो, लेकरांवर ओरडतो, रात्री उठून डबे उघडतो. घरचे वैतागून म्हणतात, "यापेक्षा प्यायचास तेव्हाच बरा होतास." हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला तेवढेच निमित्त हवे असते. पोटाकडे बोट दाखवणारी थट्टाही नको. बायको, बहीण, वहिनी, मित्र, कोणीही असो. तरुण मुली आणि सुना यांच्यापैकी कोणी मिश्री किंवा गुडाखू सोडत असेल, तर त्यांनाही "अंग सुटले" असे टोमणे मिळतात, आणि बाईला ते पुरुषापेक्षा दुप्पट लागतात. त्यांना तर आपण आधार अधिक द्यायला हवा.

महिन्यातून एकदाच वजन करा. रोज काट्यावर चढू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी लिहा. बिडीशिवायचे दिवस किती झाले, पैसे किती वाचले, आणि वजन किती. वजनाचा आकडा नेहमी पहिल्या दोन आकड्यांच्या शेजारी वाचावा. एकटा वाचला की तो घाबरवतो.

ताई, तुम्ही विचारले आहे, काय करू. आज संध्याकाळी जेवण झाल्यावर तुमच्या घरच्यांना सांगा, "चला, पाळीपर्यंत जाऊन येऊ." सूप झाकून ठेवा आणि तुम्हीही सोबत जा. दिवसभर मान खाली घालून बिड्या वळणाऱ्या बाईलाही मोकळ्या हवेची गरज आहे. वाटेत पारावरून कोणी 'ठेकेदार' म्हणून हाक मारलीच, तर थांबून सांगा, "हो, चार महिन्यांपासून यांनी बिडी सोडली आहे. तुम्ही कधी सोडता?" आणि पुढच्या महिन्यात सुपातल्या बिड्या मोजून ठेवण्याची गरज पडली की नाही, तेवढे आम्हाला कळवा. आम्ही पत्राची वाट पाहत आहोत.

जयभीम.